हातविंच आणि दोरातील ताण

विहिरीवरच्या रहाटाने पाणी काढताना घागर भरली की रिकामी आहे हे पाहण्यासाठी कोणी विहिरीत डोकावत नाही. दोर ओढणाऱ्या हातालाच ते कळते. घागर कपारीत अडकली तर तेही हाताला तत्काळ जाणवते. जड वस्तू ओढण्याच्या सर्व साध्या साधनांत मनुष्याचा हात अशा रीतीने दोन कामे करीत असतो. तो बल लावतो आणि त्याच वेळी भाराचे मापही घेतो. यंत्राच्या साहाय्याने हाताचे बल वीसपट वा तीसपट केले म्हणजे पहिले काम सुकर होते. दुसरे काम मात्र हाताकडून निसटते, आणि या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हातविंच या उपयुक्त यंत्राच्या बहुतेक अपघातांचे मूळ याच ठिकाणी सापडते. दोरातील ताण मोजणारे साधन विंचेतच बसवण्याची आवश्यकता का निर्माण झाली, हे त्यावरून समजून येईल.

विजेच्या व तेलाच्या यंत्रांच्या या युगातही हातविंचेचे महत्त्व कमी झालेले नाही. जेथे रस्ता नाही, वीज नाही अथवा यारी उभी करण्यास जागा नाही, तेथे तिच्यावाचून काम अडते. चेन्नईसारख्या किनाऱ्यावरील नगराला याची जाणीव वारंवार होते. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ नावाचे चक्रीवादळ या शहराजवळ किनाऱ्यावर आदळले. त्यात असंख्य वृक्ष उन्मळून पडले, विजेचे हजारो खांब आडवे झाले आणि शहराच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रसंगी जे यंत्र केवळ माणसाच्या बळावर चालते तेच सर्वांत आधी कामाला येते. परंतु ते घाईत, ओल्या जमिनीवर आणि थकलेल्या हातांनी चालवले जाते. म्हणूनच त्याचे शास्त्र नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

विंचेची रचना

हातविंचेचे मुख्य भाग पाच. दोर गुंडाळण्याचा ड्रम, ड्रमाच्या आसावर बसवलेले मोठे दंतचक्र, त्यात गुंतणारे लहान दंतचक्र, लहान चक्राच्या आसावरील हँडल आणि ड्रम उलट फिरू न देणारी खिट्टी. खिट्टी ही करवतीसारख्या तिरप्या दात्यांच्या चाकावर टेकलेली असते. चाक एका दिशेने फिरताना ती टकटक वाजत एकेका दात्यावरून सरकते. चाक उलट फिरू लागताच ती दात्यात अडकून भार धरून ठेवते. चांगल्या विंचेत याखेरीज घर्षणाचा ब्रेकही असतो, त्यामुळे भार सावकाश उतरवता येतो. दोर बहुधा पोलादी तारांचा वळलेला असतो.

बल वाढते ते दोन टप्प्यांनी. हँडलाची लांबी ड्रमाच्या त्रिज्येपेक्षा जितकी पट अधिक, तितक्या पटीने पहिल्या टप्प्यात बल वाढते. मोठ्या चक्राचे दाते लहान चक्राच्या दात्यांच्या जितके पट, तितक्या पटीने ते दुसऱ्या टप्प्यात वाढते. समजा, हँडल ३६ सेंटीमीटर लांब आहे, ड्रमाच्या मध्यापासून दोराच्या मध्यापर्यंतचे अंतर ६ सेंटीमीटर आहे, आणि दंतचक्रांना अनुक्रमे १२ व ६० दाते आहेत. पहिल्या टप्प्यात ६ पट व दुसऱ्यात ५ पट, मिळून ३० पट वाढ होते. घर्षणात यांपैकी काही भाग खर्च होतो. यंत्राची कार्यक्षमता शेकडा ७० धरली तर प्रत्यक्ष लाभ २१ पट राहतो. हँडलावर १५ किलोग्रॅमचे बल लावणारा मनुष्य या विंचेने दोरात ३१५ किलोग्रॅमचा ताण निर्माण करू शकतो. (व्यवहारातील प्रघातानुसार येथे बल किलोग्रॅमांत दिले आहे.)

निसर्ग हा लाभ फुकट देत नाही. हँडलाचा एक फेरा पुरा होण्यास हाताला सुमारे सव्वादोन मीटर अंतर चालावे लागते, आणि तेवढ्यात दोर जेमतेम साडेसात सेंटीमीटर गुंडाळला जातो. बलात जे मिळते ते अंतरात द्यावे लागते, हा यंत्रशास्त्राचा जुना नियम येथेही पाळला जातो.

हाताची फसगत

आता याच विंचेवर दोराचे एकावर एक थर चढू लागले की काय होते ते पाहू. दोर ६ मिलिमीटर जाडीचा असेल, तर पाचव्या थरातील दोर ड्रमाच्या मध्यापासून सुमारे ८.४ सेंटीमीटर अंतरावर येतो. घर्षण जमेस धरून यंत्राचा लाभ २१ पटींवरून १५ पटींवर उतरतो. हात पूर्वीइतकेच १५ किलोग्रॅमचे बल लावीत असला, तरी ताण ३१५ ऐवजी २२५ किलोग्रॅमच होतो. उलट बाजूने विचार केला तर यातील धोका लक्षात येईल. दोर बराचसा बाहेर सोडून काम करणाऱ्या माणसाच्या हाताला जे बल नेहमीचे वाटते, त्यानेच दोरात जवळजवळ दीडपट ताण पडलेला असतो. हाताची खूण एकच, पण तिचा अर्थ थरागणिक बदलतो.

दुसरी फसगत घर्षणाची. धारवे कोरडे पडलेल्या, गंजलेल्या विंचेवर हाताला जोर अधिक लागतो, पण दोराकडे बल कमी पोहोचते. अशा विंचेची सवय झालेल्या माणसाच्या हाती नुकतेच वंगण दिलेली विंच आली, म्हणजे पूर्वीच्याच जोराने तो अपेक्षेहून पुष्कळ अधिक ताण देऊन बसतो.

तिसरी फसगत माणूस स्वतःच करून घेतो. भार हलेनासा झाला की हँडलाला दुसरा माणूस लागतो. तरीही तो हलला नाही, तर हँडलावर लोखंडी नळी चढवून त्याची लांबी वाढवली जाते. दोन माणसे आणि दुप्पट लांबीचे हँडल यांनी मूळचे ३१५ किलोग्रॅम चौपट होऊन १२६० किलोग्रॅम होतात. ६ मिलिमीटर जाडीचा चांगला पोलादी दोर साधारणपणे दोन टनांच्या आसपास तुटतो. जुना दोर, त्यातील तुटलेल्या तारा, गाठीजवळचे वळण आणि अचानक बसणारे हिसके यांचा विचार करून तुटण्याच्या भाराचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे ४०० किलोग्रॅम, हाच त्याचा सुरक्षित भार मानतात. नळी चढवणाऱ्या त्या दोघांनी ही मर्यादा तिपटीने ओलांडलेली असते, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या हातावर मात्र तेच १५ किलोग्रॅम असतात.

चौथी फसगत सर्वांत अधिक घातक होय. ओढली जाणारी वस्तू मध्येच कशाला तरी अडली, की दोर पुढे सरकत नाही, केवळ ताणला जातो. वरील जाडीचा पोलादी दोर वीस मीटर लांब असल्यास तो एक मिलिमीटर लांबण्यास सुमारे साडेसात किलोग्रॅम बल लागते. हँडलाच्या एका फेऱ्यात दोर साडेसात सेंटीमीटर, म्हणजे ७५ मिलिमीटर, ओढला जातो. वस्तू पूर्णपणे अडली असेल तर या एका फेऱ्याने दोरातील ताण अर्ध्या टनाहून अधिक वाढतो. दोघांनी मिळून हँडल फिरवले तर प्रत्येकाला जाणवणारी वाढ केवळ १३-१४ किलोग्रॅमची असते. चिखलातून ओंडका ओढणाऱ्याला तेवढा फरक नेहमीचाच वाटतो.

ताणलेल्या दोरातील ऊर्जा

ताणलेला दोर हा ताणलेल्या धनुष्यासारखा असतो. त्याला लांबवण्यासाठी केलेले सर्व कार्य त्यात साठून राहते. वीस मीटर लांबीच्या वरील दोरात १२६० किलोग्रॅमचा ताण असताना तो सुमारे १६-१७ सेंटीमीटर लांबलेला असतो. त्यात साठलेल्या ऊर्जेने शंभर किलोग्रॅमचे वजन एक मीटर उंच उचलता येईल. दोर तुटला किंवा त्याचा आकडा निसटला, तर ही सारी ऊर्जा निमिषार्धात दोराच्या हलक्या टोकाला गती देण्यात खर्च होते. ते टोक चाबकासारखे उलटते, आणि मार्गात उभ्या असलेल्या माणसाला बाजूला होण्यास अवधी मिळत नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, तो ओलांडून जाऊ नये, हा नियम बंदरांतून आणि जंगलांतून सारखाच सांगितला जातो, त्याचे कारण हेच होय.

काही कामांत दोरापेक्षा ओढली जाणारी वस्तूच अधिक नाजूक असते. जमिनीखालच्या नळातून विजेची केबल ओढणे हे असे काम आहे. केबलीतील धातूच्या गाभ्याला धरून ओढले असता अॅल्युमिनियमच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन आणि तांब्याच्या छेदाला ५० न्यूटन यांहून अधिक ताण देऊ नये, असा प्रघात आहे. ९५ चौरस मिलिमीटरचे तीन अॅल्युमिनियम गाभे असलेल्या केबलीला त्यानुसार सुमारे ८७० किलोग्रॅमपर्यंतच ताण देता येतो. मर्यादा ओलांडली तरी केबल बहुधा तुटत नाही. गाभा लांबतो, वेष्टण आतून सैल पडते, आणि कित्येक महिन्यांनी, बहुधा पावसाळ्यात, त्या जागी केबल निकामी होते. तेव्हा दोष कोणत्या दिवशी घडला हे सांगता येत नाही. ताणाची नोंद ठेवली असेल तरच ते कळू शकते.

समुद्रतारांनी दिलेला धडा

मनुष्याच्या हातावर विसंबून ताण सांभाळता येत नाही, हा धडा अभियंत्यांना समुद्राने शिकवला. १८५७ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची पहिली केबल टाकण्याचा प्रयत्न झाला. जहाजावरून केबल सोडली जात असताना ती फार वेगाने जाऊ नये म्हणून तिच्या चाकांवर ब्रेक लावलेला असे, आणि तो एक मनुष्य हाताने कमीअधिक करी. जहाजाचा मागचा भाग लाटेवर उचलला गेला की केबलीवरील ताण एकाएकी वाढतो. त्या क्षणी ब्रेक सैल व्हावयास हवा. ११ ऑगस्ट १८५७ रोजी तो वेळेवर सैल झाला नाही आणि केबल तुटून खोल समुद्रात गेली.

पुढील वर्षाच्या मोहिमेसाठी यंत्रात दोन सुधारणा करण्यात आल्या. ठरलेल्या मर्यादेपलीकडे बल गेले की आपोआप सुटणारा ब्रेक बसवण्यात आला. त्याचबरोबर केबलीतील ताण डोळ्यांना सतत दिसावा म्हणून ताणमापक जोडण्यात आला. या मापकात केबल तीन चाकांवरून जाते. मधले चाक वजनाने खाली ओढलेले असते. ताण वाढला की केबल सरळ होऊ पाहते, त्यामुळे मधले चाक वर उचलले जाते आणि पट्टीवर ताणाचा आकडा मिळतो. मद्रासचा समुद्रमार्गे पिनांग व सिंगापूरशी तारसंबंध १८७०-७१ मध्ये जुळला, तोपर्यंत केबल टाकण्याच्या या रीतीत बराच अनुभव जमा झाला होता. १९९६ पासून चेन्नई नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच नगरापासून अंदमान-निकोबार बेटांपर्यंतची प्रकाशतंतूंची केबल १० ऑगस्ट २०२० रोजी कार्यान्वित झाली. समुद्रात केबल सोडताना तिच्यातील ताणावर अखंड लक्ष ठेवण्याचा १८५८ सालचा परिपाठ आजही पाळला जातो.

भार मोजण्याच्या रीती

हातविंचेत भारावर लक्ष ठेवण्याच्या रीती दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारची साधने भार मोजत नाहीत, केवळ मर्यादा राखतात. हँडलाच्या सांध्यात मऊ धातूची पिन बसवलेली असते. मर्यादेबाहेर बल लावले की ती तुटते व हँडल पोकळ फिरते. भार मात्र खिट्टीवर किंवा पकडीवर सुरक्षित राहतो. काही यंत्रांत पिनेऐवजी घसरणारी चकती असते. ही साधने स्वस्त व भरवशाची आहेत, पण तुटलेल्या पिनेच्या जागी कोणी साधा खिळा ठोकला की त्यांचा सारा उपयोग नाहीसा होतो. शिवाय पिनेला हँडलावरचे बल कळते, दोरातील ताण कळत नाही. दोराच्या थरांमुळे होणारी फसगत तिच्याही बाबतीत होतेच.

दुसऱ्या प्रकारची साधने प्रत्यक्ष ताण मोजतात. स्प्रिंगचा काटा हे त्यांतील सर्वांत जुने साधन. आज अधिक प्रचारात असलेले साधन म्हणजे लोड सेल. त्याचे तत्त्व सोपे आहे. धातूची तार ताणली असता ती लांब व बारीक होते आणि विजेच्या प्रवाहाला तिचा रोध वाढतो. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनी १८५६ साली हा परिणाम दाखवून दिला होता. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचा व्यवहारी उपयोग केला. त्यांनी अतिशय बारीक तार पोलादाच्या पृष्ठभागावर चिकटवली. पोलाद जितके ताणले जाईल तितकीच तार ताणली जाते. पोलादाची लांबी दोन हजारांश भागाने वाढली, तर १२० ओहम रोधाच्या अशा तारेचा रोध सुमारे ०.१२ ओहमने वाढतो. इतका सूक्ष्म फरक व्हीटस्टन सेतू नावाच्या चार भुजांच्या विद्युत्मंडलाने अचूक मोजता येतो.

विंचेत हे साधन कोठे बसवावे? फिरणाऱ्या ड्रमावर ते बसवणे कठीण. परंतु दोर विंचेला जितक्या बलाने पुढे खेचतो, जवळजवळ तितक्याच बलाने विंचेची मागची खिळी तिला धरून ठेवीत असते. म्हणून त्या खिळीलाच मापकाचे रूप दिले की काम भागते. ड्रमावर दोराचे थर किती आहेत, धारव्यांत वंगण आहे की नाही, हँडलावर माणसे किती आहेत, यांपैकी कशाचाही त्या मापनावर परिणाम होत नाही. खिळीतून निघालेला संकेत छोट्या तबकडीवर आकड्यांत दिसतो. सुरक्षित भार जवळ आला की घंटा वाजते. ओढण्याची क्रिया आपोआप थांबवणारी योजनाही करता येते. मात्र अशा योजनेने दोर सैल सोडण्याची वाट कधीही बंद होता कामा नये. ताण वाढल्यावर तो उतरवता आला नाही, तर संरक्षण करणारे साधनच संकटाचे कारण होईल.

चेन्नईतील मनोऱ्यांची परीक्षा

दोरातील ताणाच्या मापनाचे भव्य स्वरूप चेन्नईतच पाहावयास मिळते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र १९६५ साली स्थापन झाले. चेन्नईतील या संस्थेत उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचे मनोरे तपासण्याची सोय आहे. तेथे मनोऱ्याची लहान प्रतिकृती नव्हे, तर पूर्ण उंचीचा खरा मनोरा उभा करतात. ज्या ठिकाणी वीजतारा टांगावयाच्या त्या ठिकाणी पोलादी दोर बांधतात आणि शक्तिचलित विंचयंत्रांनी ते निरनिराळ्या दिशांना ओढतात. वादळी वारा, तारांचे वजन, एका बाजूची तार तुटल्यास बसणारी ओढ, ही सर्व बले अशा रीतीने मनोऱ्यावर लावली जातात. भार एकदम न देता पन्नास, पंचाहत्तर, नव्वद, पंच्याण्णव आणि शेवटी शंभर टक्के, अशा पायऱ्यांनी वाढवण्याचा प्रघात आहे.

या परीक्षेत हातविंच वापरणाऱ्याने शिकण्याजोगी एक गोष्ट आहे. ताणमापक विंचेजवळ न ठेवता शक्यतो मनोऱ्याजवळ, दोराच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात. कारण दोर वाटेतील प्रत्येक कप्पीवरून वळताना घर्षणाने थोडा ताण गमावतो. समजा, दर कप्पीला शेकडा पाच भाग कमी होतो आणि वाटेत चार कप्प्या आहेत. विंचेजवळ १००० किलोग्रॅम ताण असताना मनोऱ्याला केवळ सुमारे ८१५ किलोग्रॅमच पोहोचतील. विंचेजवळचा आकडा खरा मानला, तर मनोरा प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक बळकट ठरेल, आणि ही चूक पुढे एखाद्या वादळात उघडकीस येईल. यावरून स्पष्ट होते की, विंच व दोर सुरक्षित आहेत का हे जाणण्यासाठी मापक विंचेत असावा, आणि दुसऱ्या टोकाच्या वस्तूवर किती बल पडते हे जाणण्यासाठी तो त्या टोकाला असावा. दोर वळवणाऱ्या कप्पीच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. दोर जेथे पूर्ण उलट वळतो, तेथे कप्पीच्या आधारावर ताणाच्या जवळजवळ दुप्पट बल येते. विंचेवरील मापक हे बल दाखवीत नाही.

मापकाची मर्यादा आणि माणसाचे कर्तव्य

१९४८ सालच्या भारतीय कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमाने उचल-यंत्रे व दोर यांविषयी तीन गोष्टी घालून दिल्या. यंत्रावर सुरक्षित भार ठळकपणे लिहिलेला असावा, त्याहून अधिक भार परीक्षेखेरीज लावू नये, आणि दर बारा महिन्यांतून निदान एकदा जाणकाराकडून यंत्राची कसून तपासणी व्हावी. यांतील दुसरी गोष्ट पाळण्यासाठी भार किती आहे हे आधी ठाऊक असावे लागते. ओझे टांगून उचलताना ते तोलून ठरवता येते. जमिनीवरून ओढताना मात्र चिखल, चढ आणि अडथळे यांमुळे ते आधी सांगता येत नाही. मापक नसेल तर अशा कामात तो नियम केवळ कागदावर राहतो.

तथापि मापकाने सर्व धोके टळतात असे नव्हे. गंजलेला दोर सुरक्षित भाराखालीही तुटू शकतो. खिट्टी नीट बसली नसेल तर उलट फिरणारे हँडल मनगट मोडू शकते. विंच ज्या झाडाला वा खांबाला बांधली, ते कच्चे असेल तर तेच उखडून येते. मापकही काळाने चुकू लागतो. म्हणून ठराविक मुदतीने ज्ञात वजने टांगून त्याची परीक्षा घ्यावी लागते. ड्रमावर दोराचे काही वेढे नेहमी शिल्लक ठेवणे, हातमोजे घालणे, दोराच्या रेषेपासून दूर उभे राहणे आणि हँडलावर नळी कधीही न चढवणे, हे नियम मापक असला तरी पाळावयाचेच असतात.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

सुमारे दीड सेंटीमीटर त्रिज्येचे रिकामे रीळ घ्यावे. जाड तारेचे १० सेंटीमीटर लांबीचे हँडल त्याला घट्ट बसवावे आणि रीळ आडव्या आसावर फिरेल असे मांडावे. रिळाला बांधलेल्या दोरीच्या टोकाला ५०० ग्रॅम वजन टांगावे. हँडलाच्या टोकाला हलका स्प्रिंगकाटा अडकवून, हँडल आडवे असताना, वजन तोलून धरण्यास किती बल लागते ते पाहावे. काटा सुमारे ७५ ग्रॅम दाखवील. नंतर रिळावर सुतळीचे थर गुंडाळून त्रिज्या तीन सेंटीमीटर करावी आणि तोच प्रयोग पुन्हा करावा. आता काटा सुमारे १५० ग्रॅम दाखवील. टांगलेले वजन बदललेले नाही, तरीही हाताला ते दुप्पट वाटते. हँडलावरचे बल आणि दोरातील ताण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष पटेल. विंचेचे हँडल फिरवणाऱ्या माणसाला हा भेद स्वतःच्या हाताने कधीच कळत नाही. त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या जीविताच्या रक्षणासाठी तो दाखवून देणे हेच मापकाचे काम होय.